दुबईचं कार्ड आणि खेडचा पोरगा

माझ्या थोरल्या बहिणीचे शौहर, आमचे दुल्हाभाई, दुबईत नोकरीला आहेत. आमच्या खेड-दापोलीकडं यात सांगण्यासारखं काही नाही. इथं एखाद्या घरातलं कुणीच आखातात नसेल, तर लोक त्याचं कारण विचारतात. दुल्हाभाई वर्षातून एकदा महिना-सव्वा महिना येतात. उरलेले दिवस त्यांचं बाप असणं फोनवर, मनीट्रान्स्फरवर आणि कुणी गावाला निघालं की त्याच्या बॅगेतल्या दोन किलोंवर चालतं.

गेल्या वर्षी त्यांनी शेंडेफळासाठी गेम खेळायचं मशीन आणलं. पोरगा नववीत. मला हे मशीन फारसं आवडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. वर्गातल्या पोरांचे डोळे सकाळी कशामुळं लाल असतात, हे मला चांगलं कळतं. पण ते घर माझं नाही आणि बाप मी नाही.

पोराच्या वाढदिवसाला दुल्हाभाईंनी दुबईच्या मॉलमधून पन्नास डॉलरचं गिफ्ट कार्ड घेतलं. पाठीमागचा पट्टा खरवडला, आकड्यांचा फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला. पोरानं कोड टाकला. मशीन म्हणालं, हा कोड तुमच्या देशात चालत नाही. शून्य आणि ओ यांची अदलाबदल करून पाहिली, तरी तेच. शेवटी मला बोलावणं आलं. "मामू, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं, तुम्ही बघा."

मी बघितलं. मग कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर फार अदबीचं आलं: अकाउंट उघडताना जो देश निवडला तो बदलता येत नाही, आणि कार्ड ज्या देशाचं, त्याच देशाच्या अकाउंटवर चालतं. दुल्हाभाई मॉलमध्ये परत गेले, तर तिथला माणूस म्हणाला, खरवडलेलं कार्ड परत घेत नाही. प्रत्येकाकडं नियम होता आणि आपापल्या जागी प्रत्येकाचं बरोबर होतं. फक्त बापानं पोराला दिलेले पैसे मध्येच कुठंतरी अडकले होते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिला झोडपून मला काही साधायचं नाही, आणि असा नियम करणारी ती एकटी नाही.

गल्लीतल्या एका मोठ्या पोरानं लगेच इलाज सांगितला. दुसरं अकाउंट उघड, देश दुबईचा टाक, पत्ता टाक, झालं. भाचा माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मामू, अब्बा तिथंच राहतात ना? मग त्यांचा पत्ता लिहिला तर ते खोटं होतं का?"

वीस वर्षं मास्तरकी केली. पोरांचे पुष्कळ प्रश्न ऐकले. या प्रश्नाला माझ्याकडं झटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं.

म्हणून थोडं खोदून पाहिलं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात असं मशीन नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे कुलूप कसं बसवलेलं असतं. पूर्वी गेम डिस्कवर यायचे, दुकानातून घ्यायचे. आता बहुतेक खरेदी ऑनलाइन स्टोअरमधून होते. स्टोअर तुमचा देश चार खुणांवरून ओळखतं. अकाउंटवर लिहिलेला देश, पैसे देणारं बँकेचं कार्ड कुठल्या देशाचं, इंटरनेट कुठून जोडलंय, आणि कोड असेल तर तो कुठं विकण्यासाठी काढलाय. या खुणा जुळल्या नाहीत की दार बंद. दाराच्या मागं एक मोठं कारण आहे: एकच गेम वेगवेगळ्या देशांत वेगळ्या किमतीला विकला जातो.

आता इथं माझं मत ऐकून काहीजण नाराज होतील. देशाप्रमाणे किंमत वेगळी असणं मला अजिबात चुकीचं वाटत नाही. उलट ते न्यायाचं आहे. अमेरिकेतल्या माणसाला सत्तर डॉलर म्हणजे अर्ध्या दिवसाची कमाई असेल. आमच्याकडं त्याच रकमेत एका घराचा महिन्याचा किराणा होतो. 'स्टीम' हे कॉम्प्युटरवरच्या गेमचं सगळ्यांत मोठं दुकान, व्हॉल्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीचं. २०१५ च्या नोव्हेंबरात त्यांनी भारतात रुपयांत किमती लावल्या. तोवर डॉलरमध्ये द्यावे लागायचे. रुपयांत किमती आल्यावर बरेच गेम आपल्याकडं स्वस्त झाले, आणि चोरीच्या कॉपीवर खेळणारी कितीतरी पोरं पहिल्यांदा विकत घेऊन खेळायला लागली. यात वाईट काय आहे?

ही सोय गेमवाल्यांनी शोधून काढलेली नाही. बीएड करत असताना मी भाषा शिकवण्याच्या पद्धतींवरचं एक इंग्रजी पुस्तक घेतलं होतं. त्याच्या मागं छापलेलं होतं की ही आवृत्ती फक्त भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान आणि मालदीवमध्ये विकायची आहे. आमच्यातल्या एकानं तेव्हा म्हटलं होतं, बघा, सात देश एका ओळीत भांडणाशिवाय बसलेत. तेच पुस्तक लंडनमध्ये कित्येक पट महाग होतं. ती स्वस्त आवृत्ती नसती, तर मी ते पुस्तक घेऊ शकलो नसतो. किंमत देशाप्रमाणे असावी, हे मी त्या पुस्तकामुळं मानतो.

पण त्या पुस्तकाचं पुढं काय झालं, हेही महत्त्वाचं आहे. ते मी वाचलं, खुणा केल्या, धाकट्या भावाला दिलं. त्यानं ते कतारला नेलं असतं तर विमानतळावर कुणी अडवलं नसतं. कव्हरवरच्या ओळीचं बंधन दुकानदारावर होतं, वाचणाऱ्यावर नव्हतं.

यावर अमेरिकेत मोठा खटला झाला. सुपाप कीर्तसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी तिकडं गणित शिकत होता. त्याच्या लक्षात आलं की कॉलेजची जी पुस्तकं अमेरिकेत भरमसाट महाग आहेत, त्यांच्याच इंग्रजी आवृत्त्या थायलंडमध्ये स्वस्त मिळतात. त्यानं घरच्यांना आणि मित्रांना ती विकत घेऊन पाठवायला सांगितलं आणि अमेरिकेत विकली. जॉन वायली या प्रकाशकानं दावा लावला. ज्यूरीनं पोराला सहा लाख डॉलर भरायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ मध्ये सहा विरुद्ध तीन न्यायाधीशांनी निकाल दिला की पुस्तक कायदेशीर छापलेलं आणि कायदेशीर विकत घेतलेलं असेल, तर ते परदेशात छापलेलं असलं तरी घेणाऱ्याचं झालं. तो ते पुढं विकू शकतो.

प्रकाशक तिथं हरले. गेमवाल्यांची अडचण होत नाही, कारण ते तुम्हाला काही विकतच नाहीत. बटणावर 'विकत घ्या' लिहिलेलं असतं, पण तुम्हाला मिळतं ते फक्त खेळायचं लायसन्स. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा केला की स्टोअरनं हे ग्राहकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे, आणि स्टीमनं त्याच सुमाराला तशी सूचना लावलीही. फ्रान्समध्ये एक ग्राहक संघटना कोर्टात गेली होती, की डाउनलोड केलेला गेमही पुढं विकता आला पाहिजे. २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला; २०२२ मध्ये वरच्या कोर्टानं तो फिरवला. म्हणजे माझं बीएडचं पुस्तक माझं आहे आणि भाच्याचा गेम भाच्याचा नाही. हा फरक त्याला समजावताना मला फार त्रास झाला. मराठीत 'विकत घेणे' आणि 'वापरायला मिळणे' यांत केवढं अंतर आहे, ते त्याला मीच शिकवलंय.

हे कुलूप जुनंच आहे, नवीन आहे ती त्याची पकड. डीव्हीडीच्या काळात दुनियेचे विभाग पाडले होते. आखात दोन नंबरच्या विभागात, भारत पाच नंबरच्या. तिकडून आणलेली डिस्क इथल्या प्लेयरवर चालली नाही, की रिमोटवर काही आकडे दाबून प्लेयर 'ओपन' करून देणारा माणूस बाजारात असायचा. त्याच्याही आधी कॅसेट होत्या. आमचे वालिद कुवेतहून कव्वालीच्या कॅसेट आणायचे. त्या लावल्या की वाजायच्या. कॅसेटला देश माहीत नव्हता.

युरोपात या कुलपावर चांगली टाच आली. २०२१ च्या जानेवारीत युरोपीय आयोगानं व्हॉल्व्ह आणि पाच गेम प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. बांदाई नामको आणि कॅपकॉम ही त्यांतली दोन नावं. सुमारे शंभर गेमचे कोड असे बांधले होते की पोलंड, हंगेरी, रुमानिया, लाटव्हिया अशा पूर्वेकडच्या देशांत घेतलेला स्वस्त कोड पश्चिमेकडच्या देशात चालू होत नसे. पाच प्रकाशकांनी चौकशीत सहकार्य केलं, त्यांना दंडात सूट मिळाली. व्हॉल्व्हनं केलं नाही, तिला १६ लाखांहून जास्त पूर्ण भरावे लागले. ती कोर्टात गेली आणि २०२३ मध्ये हरली. कोर्टानं म्हटलं की हे कुलूप कॉपीराइट राखण्यासाठी नव्हतं, स्वस्त माल महाग बाजारात जाऊ नये म्हणून होतं. माझ्या मते एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं.

पण हा निकाल युरोपच्या आतला आहे. सामान एका देशातून दुसऱ्यात मोकळं जावं, हे त्या देशांनी आपसात ठरवलेलं आहे. खेड आणि दुबई यांच्यामध्ये तसं काही ठरलेलं नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी माझ्याच वर्गात नापास होईन. सगळी कुलपं काढली तर काय होईल, याचा नमुना अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात बघायला मिळाला. दोन्ही देशांत महागाई भयंकर, चलन घसरत चाललेलं. तिथल्या पैशात स्टीमवरचे गेम फार स्वस्त पडायचे. मग ज्यांच्या खिशात डॉलर आणि युरो आहेत, अशा दूरदेशच्या लोकांनी आपण अर्जेंटिनात किंवा तुर्कस्तानात राहतो असं दाखवून खरेदी सुरू केली. त्यात आपल्याकडचे हुशारही होते, उगाच साधू बनायला नको. २०२३ च्या नोव्हेंबरात स्टीमनं दोन्ही ठिकाणचं स्थानिक चलन बंद करून डॉलर लावला. चलनाची घसरण आणि विनिमय दर ही कारणं होतीच, पण या खोट्या पत्त्यांनीही हातभार लावला असं मला वाटतं. कित्येक गेम तिथं एका रात्रीत अनेक पटींनी महागले. खोटा पत्ता देणारे दुसऱ्या देशाकडं वळले. इस्तंबूलचा खरा पोरगा मात्र इस्तंबूलमध्येच राहिला.

म्हणून भाच्याला मी 'लिही पत्ता, कोण बघतंय' असं म्हणालो नाही. त्याच्या बाबतीत किमतीचा फायदा घेण्याचा प्रश्नच नव्हता. बापानं दुबईत दुबईचा भाव दिला होता, आणि तो भाव आपल्यापेक्षा कमी नव्हता. पण एकदा पोराला कळलं की पत्ता ही हवी तशी भरायची रिकामी जागा आहे, की पुढं शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर ती जागा कशी भरायची हे मी कुठल्या तोंडानं सांगणार?

माझी तक्रार इथंच आहे. जो माणूस स्वस्त देश शोधत हिंडतो, त्याच्यासाठी हे कुलूप म्हणजे अर्ध्या तासाचं काम. अडकतो तो खरं सांगणारा, ज्याचं घरच दोन देशांत आहे. आणि आमच्याकडं अशी घरं हजारो आहेत. महाड, माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, कुठंही जा. पैसे दिरहममध्ये मिळवायचे, रुपयांत खर्चायचे, नातं फोनवर सांभाळायचं. बँकेला हे कळतं; दिरहमचे रुपये करून ती काही मिनिटांत खात्यावर टाकते. एअरलाइनला कळतं. आंबे पाठवणाऱ्याला तर फारच कळतं. गेमच्या स्टोअरला मात्र एक माणूस, एक देश, एक कार्ड यापलीकडं काही दिसत नाही.

कधीकधी तर देशच्या देश पुसला जातो. 'हेलडायव्हर्स २' हा गेम २०२४ च्या फेब्रुवारीत आला, कॉम्प्युटरवरही. मे महिन्यात सोनीनं सांगितलं की यापुढं कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनी आमच्या नेटवर्कचं अकाउंट जोडलंच पाहिजे. ते नेटवर्क पाकिस्तानात, फिलिपाइन्समध्ये, इजिप्तमध्ये आणि शंभराहून जास्त ठिकाणी उपलब्धच नव्हतं. तिथल्या लोकांनी गेम रीतसर पैसे देऊन घेतला होता. स्टीमवर नाराजीची मतं लाखांनी पडली आणि सोनीनं काही दिवसांत ती सक्ती मागं घेतली. पण दरम्यान त्या देशांत गेमची विक्रीच थांबवली होती, ती लगेच काही सुरू झाली नाही. भारताचं नाव त्या यादीत नव्हतं म्हणून आपल्याकडं याची फार चर्चा झाली नाही. मला ते वाचताना माझ्या पुस्तकाच्या मागच्या त्या सात देशांची ओळ आठवली. त्यातले कितीजण आता ओळीबाहेर होते!

एक गोष्ट भाषेच्या मास्तराला सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२५ च्या जूनमध्ये निन्टेंडोनं 'स्विच २' हे नवं मशीन काढलं. जपानमध्ये त्याची किंमत ४९,९८० येन ठेवली, जगाच्या मानानं बरीच कमी. पण त्या मशीनची भाषा फक्त जपानी, आणि त्यावर अकाउंटही जपानचंच चालतं. बाकीच्या भाषा असलेलं मशीन हवं असेल तर ६९,९८० येन. म्हणजे वीस हजार येनचं कुलूप, आणि किल्ली जपानी भाषा! परदेशी लोकांनी स्वस्त मशीन उचलून नेऊ नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे. जपानच्या पोरांना स्वस्त मिळावं, याला माझी काही हरकत नाही. पण तिथं राहणाऱ्या, जपानी न येणाऱ्या कामगाराच्या पोराचं काय, हा विचार माझ्या मनात आलाच. तो पोरगा भाडं येनमध्येच देणाऱ्या बापाचा आहे. उद्या कुणी फक्त मराठीत किंवा फक्त उर्दूत चालणारं स्वस्त मशीन काढलं, तर मात्र मी रांगेत पहिला उभा राहीन. भाच्याच्या मशीनवर यांतली एकही भाषा नाही.

मग व्हावं काय? कुलूप पूर्ण काढा, असं मी म्हणणार नाही; त्याचा फटका आधी गरीब देशांना बसेल. पण भेट आणि खरेदी यांत फरक करता येतो. दुबईत पन्नास डॉलर मोजून घेतलेलं कार्ड भारतातल्या अकाउंटवर रुपयांत बदलून जमा केलं तर कुणाचं नुकसान आहे? पोरगा त्या रुपयांत भारताच्याच भावानं गेम घेणार. हे अशक्यही नाही. स्टीमवर मित्राच्या अकाउंटला डिजिटल गिफ्ट कार्ड पाठवलं तर रक्कम घेणाऱ्याच्या चलनात बदलून जमा होते. तिथं देश बदलण्याचीही सोय आहे: नव्या देशातल्या बँकेच्या कार्डानं पैसे दिले की देश बदलतो, आणि सारखा बदलू नये म्हणून तीन महिन्यांची मर्यादा आहे. मला तरी हे शहाणपणाचं वाटतं. जे एका दुकानाला जमतं, ते दुसऱ्यानं जमत नाही म्हणून सांगू नये.

आणि दुसरं, कार्डावर लिहा. समोरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, ज्या भाषा तिथले कामगार वाचतात त्यांत लिहा, की हे कार्ड अमुक देशाच्या अकाउंटवरच चालेल. दुबईच्या मॉलमध्ये गिफ्ट कार्ड घेणारा माणूस ते बहुतेक वेळा स्वतःसाठी घेत नाही, एवढं तर विकणाऱ्याला कळायला हवं. दुल्हाभाईंच्या कार्डावर तशी ओळ होती. मागच्या बाजूला होती, मुंगीच्या पायांएवढी. मी भिंग लावून वाचली.

आपल्या घरांतही एक काम आहे. मशीन चालू करताना अकाउंटचा देश कोण निवडतं? पोरगं निवडतं, तेही घाईत. ज्यांचे वालिद, चाचा, मामू बाहेर आहेत, त्यांनी मशीन उघडायच्या आधी पाच मिनिटं बसून ठरवावं की गेमचे पैसे कुठून येणार. खुल्या मनानं सांगतो, आम्ही हे केलं नाही. मीच तिथं बसून बिर्याणी खात होतो.

भाच्यानं दुसरं अकाउंट उघडलं नाही. कार्डाचा कोड वापरलाच गेला नव्हता, म्हणून दुल्हाभाईंनी तो खोलीतल्या एका केरळच्या मित्राला दिला. त्याचं कुटुंब शारजात असतं आणि पोराचं अकाउंट तिथलंच. पन्नासचं कार्ड चाळीसला गेलं. ते चाळीस रुपयांत होऊन बहिणीच्या खात्यावर आले आणि मी खेडच्या मोबाइलच्या दुकानातून भारताचं कार्ड आणलं. वाढदिवस होऊन तोवर सव्वा महिना झाला होता. गेम उतरायला आमच्याकडच्या इंटरनेटवर अख्खी रात्र लागली. सकाळी फजरला उठलो तर बहिणीच्या घरातला दिवा चालू, आणि फोनच्या स्पीकरवर दुल्हाभाई दुबईहून विचारत होते, "किती टक्के झालं?"